वर्षातून किती वेळा? डोंबिवली, कुडाळ आणि अमरावती यांच्यातला एक हिशोब

डोंबिवलीतले एक नमुन्याचे घर घेऊ. नवरा-बायको दोघेही नोकरीला. तो खासगी कंपनीत, ती सहकारी बँकेत. मुलगी आठवीत, मुलगा तिसरीत. नवऱ्याचे आईवडील कुडाळ तालुक्यातल्या गावात राहतात. वडील ७६ वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही. आई ७१ वर्षांची, गुडघे गेलेले. त्याची थोरली बहीण कोल्हापुरात. बायकोची आई अमरावतीत एकटी राहते, वय ६८, तब्येत ठणठणीत. तिचा भाऊ बेंगळुरूला. घर नमुन्याचे आहे. गाड्या, नियम आणि सणांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की या घरात दरवर्षी एकच वाद होई: यंदा गावाला किती वेळा जायचे? उत्तर ठरलेलेच होते. मे महिन्यात दहा दिवस, गणपतीला सात, दिवाळीला पाच, तिन्ही वेळा चौघे मिळून कुडाळला. अमरावतीला जमलेच तर वर्षात चार दिवस. तीन फेऱ्या, बावीस दिवस. मुंबईच्या चाकरमान्याच्या मानाने हे काही कमी नाही, आणि गावातही "पोरगो वेळच्या वेळी येता" असेच बोलले जाई.

मे २०२५ मध्ये हा समज मोडला.

डब्यातल्या सतरा पट्ट्या

२०२४ च्या दिवाळीनंतर ४ नोव्हेंबरला घर सोडताना नवऱ्याने आपल्या वडिलांना साखरेच्या गोळ्यांचा सहा महिन्यांचा साठा भरून दिला होता. सकाळी एक, रात्री एक. दहा-दहाच्या ३६ पट्ट्या, म्हणजे ३६० गोळ्या. त्यानंतर तो गावी आला थेट ३ मे रोजी. मधले दिवस बरोबर १८०. डब्यात एकही पट्टी उरायला नको होती. फळीवरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला तेव्हा त्यात सतरा पट्ट्या निघाल्या. संपल्या होत्या १९० गोळ्या, दिवसाला जेमतेम एक. रात्रीची गोळी जवळजवळ सहा महिने पोटात गेलीच नव्हती. एचबीए१सी ही साखरेची रक्ततपासणी केली, आकडा ९.४ आला, म्हणजे बराच वर.

कारण साधे होते. डबा स्वयंपाकघरातल्या उंच फळीवर ठेवलेला. सकाळी वडील स्वतः काढून घेत. रात्री बल्बच्या पिवळ्या उजेडात, एका डोळ्यात मोतीबिंदू असताना, साखरेची पट्टी कुठली आणि रक्तदाबाची कुठली हे त्यांना कळेना. चुकीची गोळी घेण्यापेक्षा न घेतलेली बरी, असे त्यांनी ठरवून टाकले. आईचा हात फळीपर्यंत पोचत नाही आणि गुडघ्यांमुळे ती स्टुलावर चढत नाही. रोज रात्री फोन होत होता. "गोळ्या घेतल्या?" "घेतल्या." हे उत्तर खोटेही नव्हते, सकाळची घेतलेलीच होती.

या घरात फोन कमी पडला नाही आणि मायाही कमी पडली नाही. कमी पडली ती तारखांची मांडणी. मे, गणपती आणि दिवाळी या तिन्ही फेऱ्या वर्षाच्या एकाच अर्ध्या भागात येतात. दिवाळीपासून मेपर्यंत सहा महिने सलग कोणीच फिरकत नाही. कॅलेंडरवर तीन फेऱ्या दिसतात, म्हाताऱ्या माणसाच्या अंगावर मात्र सहा महिन्यांचा एकटेपणा पडतो. म्हणून आमच्या मते मोजायचे ते वर्षातल्या फेऱ्यांना नव्हे. दोन फेऱ्यांमधले सगळ्यात मोठे अंतर किती, ते मोजायचे. कॅलेंडर घ्या, माणूस प्रत्यक्ष घरी गेला त्या तारखांना गोल करा आणि सगळ्यात लांब मोकळा पट्टा शोधा. एचबीए१सी हा आकडा साधारण दोन ते तीन महिन्यांची सरासरी साखर सांगतो. म्हणजे गोळ्या चुकत असतील तर दहा-बारा आठवड्यांत तो बोलायला लागतो. या घरासाठी दहा आठवड्यांची मर्यादा इथून आली.

गर्दीची फेरी आणि कामाची फेरी

सणाची फेरी हवीच, पण देखरेखीच्या हिशोबात ती अर्धीच धरावी. गणपतीत घरात पंधरा माणसे, पडवीत भजनाची तयारी, चुलीवर मोदकांचे पातेले. अशा वेळी गोळ्यांचा डबा कोण उघडणार? वडील उत्साहात असतात, चालतात बोलतात, रंग चढलेला असतो. त्यावरून त्यांच्या तब्येतीचा अंदाज बांधला तर तो हमखास चुकतो.

शिवाय यजमानालाही फेरी महाग पडते, आणि हे सहसा कोणी विचारतच नाही. चौघे येणार म्हणून आई दोन दिवस आधीपासून राबते: गाद्या उन्हात घालायच्या, घावन्यांचे तांदूळ दळून आणायचे, सुरमई सांगून ठेवायची. माणसे परतली की आठवडाभर गुडघे सुजलेले. खर्च पेन्शनमधून होतो आणि त्याबद्दल चकार शब्द निघत नाही. चौघांनी आणखी एकदा जायचे ठरवले असते तर या बाईचे हाल वाढले असते.

म्हणून दोन वेगळ्या फेऱ्या आखल्या. सणाची आणि सुट्टीची फेरी चौघांची, वर्षातून दोनदा. कामाची फेरी एकट्याची, अडीच दिवसांची. गुरुवारी रात्री ठाण्याहून कोकणकन्या पकडायची, शुक्रवारी सकाळी कुडाळ, रविवारी रात्री परत, सोमवारी पहाटे ठाणे. रजा लागते एकच.

शुक्रवार त्यात मुद्दाम आहे. नुसती शनिवार-रविवारची फेरी या कामाला निरुपयोगी ठरते: रविवारी प्रयोगशाळा, बँक, तलाठी सगळेच बंद. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँका बंद असतात. बायकोला त्या दिवशी रजा टाकावी लागत नाही हे खरे, पण कुडाळची बँकही त्याच दिवशी बंद असते. २०२६ च्या जानेवारीत सगळ्यांची नजर २४ ते २६ या जोडून आलेल्या सुट्टीवर होती: चौथा शनिवार, रविवार, प्रजासत्ताक दिन. गाड्या भरून गेलेल्या आणि गावातली एकही कचेरी उघडी नाही. या घराने ती सुट्टी सोडली आणि २९ जानेवारीची रात्र धरली. ३१ तारखेचा शनिवार पाचवा होता, म्हणजे बँक चालू.

कामाच्या फेरीत घरात शिरल्यावर पहिल्या तासात काय करायचे तेही ठरलेले आहे. डबा काढून पट्ट्या मोजायच्या आणि मागच्या तारखेपासूनच्या दिवसांशी ताळा घालायचा. रक्तदाबाच्या यंत्रातल्या जुन्या नोंदी वहीत उतरवायच्या. फ्रीज आणि पिंप बघायचे: भाजी आहे का, की नुसता भात आणि लोणचे चालले आहे? न्हाणीघरातली फरशी शेवाळली आहे का? उपाशीपोटी रक्त द्यायचे असेल तर आदल्या रात्री फोन करून पहाटेचा चहा थांबवायला सांगावे लागते, कारण गाडी पोचेपर्यंत वडिलांचे दोन चहा झालेले असतात. एचबीए१सीला उपाशी राहावे लागत नाही, त्यामुळे चहा झालाच असला तरी ती तपासणी अडत नाही.

दुसऱ्या दिवशी कागद. सत्तरीपुढच्या नागरिकांसाठी २०२४ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेले आयुष्मान वय वंदना हे मोफत उपचारांचे कार्ड दोघांचेही काढलेले नव्हते. आधारची पडताळणी लागते, ओटीपी मुलाच्या नंबरवर येतो आणि मुलगा डोंबिवलीत, म्हणून ते सव्वा वर्ष रखडले होते. समोरासमोर बसून अर्ध्या तासात झाले. गोळ्यांचा साठाही आता सहा महिन्यांचा देत नाहीत, दहा आठवड्यांचाच देतात. डबा फळीवरून जेवणाच्या टेबलावर आला, पट्ट्यांवर बहिणीने मार्करने सूर्य आणि चंद्र काढले.

२०२६ चे वेळापत्रक

जानेवारीची फेरी नवऱ्याची. मार्चच्या मध्यावर बहीण कोल्हापूरहून. मेच्या १ ते १० तारखा चौघांच्या. जुलैच्या २ तारखेच्या रात्री नवरा एकटा. सप्टेंबरात गणपतीला चौघे. नोव्हेंबरात १९ च्या रात्री पुन्हा नवरा. मग जानेवारीअखेर. कुठलाही पट्टा दहा आठवड्यांच्या वर जात नाही.

यातल्या प्रत्येक तारखेला गावाकडचे एक कारण जोडले आहे, नाहीतर आठ दिवस आधी "ऑफिसात काम आलं" म्हणून फेरी रद्द होते. मेच्या पहिल्या आठवड्यात कौलांची शाकारणी. कामाला गडी तेव्हाच मिळतो. वीस तारखेनंतर सगळा गाव त्याच्या मागे असतो आणि वळवाचा पाऊस येऊन आदळतो. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमीही तेव्हाच भरायची: तांदूळ, डाळी, सुके मासे, गॅसचा जादा सिलिंडर, बॅटरीचे सेल. नोव्हेंबरात पेन्शनसाठी हयातीचा दाखला. जानेवारीत वडिलांना डोंबिवलीला आणायचा विचार दरवर्षी निघतो आणि दरवर्षी बारगळतो, कारण तेव्हा आंब्याला मोहोर असतो आणि फवारणी सोडून ते हलत नाहीत. तो आग्रह आता सोडून दिला आहे.

जुलैची फेरी सगळ्यात बेभरवशाची. कोकण रेल्वेवर पावसाळी वेळापत्रक असते, वेग कमी केलेला असतो, आणि २०२४ च्या जुलैत खेडजवळ दिवाणखवटीला दरड आली तेव्हा वाहतूक दिवसभर अडकली होती. त्यामुळे या फेरीनंतरच्या सोमवारी ऑफिसात महत्त्वाची बैठक ठेवायची नाही. पण फेरी टाळायचीही नाही. वीज तीन-तीन दिवस गायब असते, पाऊलवाटा निसरड्या होतात, आणि म्हातारी माणसे पडतात ती याच दिवसांत.

तिकिटांचे सांगायचे तर १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडते; पूर्वीचे १२० दिवस डोक्यात असलेले लोक अजून घोळ घालतात. यंदा गणेश चतुर्थी सोमवारी, १४ सप्टेंबरला. शुक्रवार ११ च्या रात्रीचे तिकीट १३ जुलैला सकाळी आठला उघडणार आणि १८ च्या परतीचे २० जुलैला. दोन वेगळे दिवस, दोन्ही दिवशी आठच्या ठोक्याला दोघांपैकी एकाने मोबाइल हातात धरून बसायचे. तुतारी एक्स्प्रेस घ्यायची असेल तर आणखी एक जपायचे: ती दादरहून रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी सुटते. शुक्रवारी रात्री निघायचे म्हणून शुक्रवारची तारीख टाकली तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. दरवर्षी फलाटावर अशी दोन-तीन कुटुंबे बॅगांसह उभी दिसतात. तिसरीतला मुलगा बारा वर्षांच्या आतला आहे, पण त्याला बर्थ हवा तर पूर्ण भाडे पडते.

पैशाचा हिशोब लोकांना वाटतो त्याच्या उलट निघाला. चौघांचे थर्ड एसीचे जाऊन-येऊन साधारण साडेआठ हजार. आधीच्या तीन फेऱ्यांचे साडेपंचवीस हजार. आता चौघांच्या दोन फेऱ्यांचे सतरा हजार आणि एकट्याच्या तीन फेऱ्यांचे, प्रत्येकी बावीसशे धरून, सहा हजार सहाशे. फेऱ्या वाढल्या, भाडे घटले.

अमरावतीचे काय

इथे घरात खरी कुरबुर होती, आणि ती रास्त होती. बावीस दिवस विरुद्ध चार. बायकोने कधी भांडण काढले नाही, पण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आला, १७ मे ते १५ जून. अमरावतीहून फोन: "जावई धोंड्याले येतीन नं?" तीन वर्षांनी येणारा अधिक महिना, लेक-जावयाला अनारसे, चांदीचे ताट आणि दिवा द्यायची हौस. याला "बघू" असे उत्तर देणाऱ्या जावयाला पुढची तीन वर्षे ऐकून घ्यावे लागते.

समसमान वाटणी करायला बसणे मात्र चूक ठरले असते. कुडाळला देखरेखीची गरज आहे. अमरावतीच्या बाईंना देखरेख नको, माणसे हवीत. त्या स्वतः प्रवास करतात. अमरावती-मुंबई एक्स्प्रेस रात्रभरात आणून सोडते आणि कल्याणला थांबते, म्हणजे डोंबिवलीच्या दारातच. म्हणून तिथे दहा आठवड्यांचा नियम लावला नाही. मेअखेर, २१ च्या रात्री निघून, चौघे पाच दिवस धोंड्याला. ऊन चव्वेचाळीसच्या पुढे जाऊ शकते, म्हणून बाहेरची कामे सकाळी नऊच्या आत, दुपारी कूलरसमोर. दिवाळी यंदा अमरावतीला. फेब्रुवारीच्या चौथ्या शनिवारी बायको एकटी जाऊन आली. या एकट्या फेरीचा उपयोग वेगळाच आहे: जावई आणि नातवंडे समोर असताना आई पाहुणचारात असते, लेक एकटी असली की रात्री अंथरुणात पडल्यावर सोसायटीतली कटकट, मुदत ठेव कुठल्या बँकेत आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे सगळे बाहेर येते. डिसेंबरात महिनाभर त्या डोंबिवलीला येतात.

दिवाळी अमरावतीला ठरल्यावर कुडाळला नाराजी झाली. ती समजूत घालून गेली नाही. १९ नोव्हेंबरचे पक्के झाल्यावर थोडी कमी झाली, इतकेच म्हणता येईल.

सुरू केल्यावर काय बिघडले

पहिल्याच एकट्या फेरीत, जानेवारीत, रिक्षातून उतरल्या उतरल्या शेजाऱ्यांनी विचारले, "एकटोच इलंस? बायको-पोरां खंय?" गावात एकटा मुलगा अवेळी येतो तो आजारपणाला नाहीतर भांडणाला, अशी समजूत. वडीलही बिथरले: आपल्याला काहीतरी मोठे झाले आहे आणि लपवत आहेत. यावर उपाय एकच, वर्षाच्या तारखा जानेवारीतच कागदावर लिहून त्यांच्या भिंतीवर लावणे. मार्चपासून वडीलच फोनवर "मे मध्ये गड्याला सांगून ठेवतो" म्हणू लागले.

दुसरे, बहिणीचे. कोल्हापूर-कुडाळ घाटाने चार तास, म्हणून "तू जवळ आहेस" या एका वाक्यावर तिच्या गळ्यात बरेच काही पडत असे, आणि तिच्याही घरी सासू आहे. तिची ठरलेली फेरी वर्षातून एकच ठेवली. त्याऐवजी आईवडीलच पावसाळा उतरल्यावर आठवडाभर तिच्याकडे जातात. वडिलांना एसटीत तिकीटच नाही (पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून मोफत) आणि आईला महिला म्हणून निम्मे. घराची किल्ली, कुत्रा आणि तुळशीला पाणी एवढे शेजारी सांभाळतात. डोंबिवलीचे घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. त्यामुळे आईच्या गुडघ्यांना कोल्हापूरचे तळमजल्याचे घर सोपे.

तिसरे, फोन. "कसे आहात?" ला "बरे आहोत" याखेरीज उत्तर नसते. आता प्रश्नांना आकडा किंवा नाव असलेले उत्तर लागते: आज यंत्रावर किती आले, जेवायला काय होते, आज कोण येऊन गेले. तिसऱ्या प्रश्नाला सलग चार दिवस "कोण नाय" आले की मुलगा गावातल्या चुलतभावाला फोन करतो.

राखून ठेवलेली रजा हा या आराखड्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. नवऱ्याच्या २१ रजांपैकी जानेवारी, जुलै, नोव्हेंबरच्या प्रत्येकी एक, मेच्या पाच, धोंड्याच्या तीन, गणपतीच्या चार, दिवाळीच्या दोन, अशा सतरा खर्ची पडतात. उरलेल्या चार डिसेंबरपर्यंत कशालाही वापरायच्या नाहीत, आणि पंधरा हजार रुपये वेगळ्या खात्यात. त्या कधी वापरायच्या हेही आधीच लिहिलेले आहे: दवाखान्यात भरती, घरात पडणे, साखर ७० च्या खाली उतरणे, रक्तदाब डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेबाहेर सलग दोन दिवस. यातले काही घडले की "जाऊ का नको" ही चर्चा नाही, त्याच रात्रीची गाडी. आरक्षण मिळाले नाही तर पनवेलहून बस.

ऑगस्ट २०२५ मध्ये एचबीए१सी ८.१ होते, जानेवारी २०२६ मध्ये ७.३. जुलै आणि नोव्हेंबरचे आकडेही साडेसातच्या आत राहिले तर पुढच्या वर्षी अंतर बारा आठवड्यांवर नेता येईल आणि नवऱ्याची एक फेरी वाचेल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरली तर हे अंतर लांबवायचे नाही, कारण डोळ्यात थेंब घालायला पहिले काही आठवडे घरात दुसरे कोणीतरी लागते आणि आईचा हात थरथरतो. मुलगी दहावीला जाईल त्या वर्षी मेची चौघांची फेरी परीक्षेनंतर तशीच राहील. गणपतीला मात्र दोघांनीच जायचे की तिघांनी, यावर घरात अजून एकमत नाही.